ड्रेनची नळी लावून घरी आलोय. नळीमुळंच पू होतो का?

कपाशीचं_बोंड
आईचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन नागपूरला होऊन आज नऊ दिवस झाले. उजवी बाजू पूर्ण काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. दोन नळ्या टाकल्या होत्या. छातीवरची पाचव्या दिवशी काढली, काखेतली ठेवून सहाव्या दिवशी सुट्टी दिली. नळीच्या टोकाला भात्यासारखी घड्यांची प्लास्टिकची डबी आहे, रोमोव्हॅक म्हणतात ती. रोज सकाळी सातला मी ती मापाच्या कपात रिकामी करते आणि वहीत लिहिते. आधी लाल यायचं, आता फिकट पिवळं, पातळ. परवा ६०, काल ५०, आज ४५ एमएल.

आमचं गाव पांढरकवड्याच्या पुढं, आडवळणाला. नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर. कापूस वेचणी ऐन भरात आहे आणि भाऊ एकटा वावरात. भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच सांगते, नळी आहे तोवर जखम चिघळणारच, काढून टाका. शेजारच्या काकूंच्या दिराला नळीच्या जागीच पू झाला होता म्हणे. गावात येणारे डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, इथंच काढून देतो, कशाला गाडीभाडं घालवता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच की तीसच्या खाली आलं की या.

जंतू खरंच नळीमुळं होतात का? इथंच काढून घेतली तर काय बिघडेल? आणि ठेवायची तर घरी काय काय सांभाळायचं? डिस्चार्ज कार्डावर फक्त 'ड्रेन केअर' असं लिहिलंय, पुढं काही नाही.

तुरीची_शेंग
गावात काढू नका ताई. बाकीचं जाणकार सांगतीलच. आईंना लवकर बरं वाटो.

वऱ्हाडी_बाप्पू
काढू नोका, पन लय दिवस ठेवू बी नोका. आमच्या वर्धा जिल्ह्यात हत्तीरोग हाये, त्याच्यानं अंडवृद्धीचं दुखनं गावोगाव. माह्या बाचं ऑपरेशन झालतं दोन वर्साआंधी. त्यायले नयी म्हनजे डबीवाली नोयती, रबराची खाचाखाचाची पट्टी होती. आत सरकू नये म्हनून तिले सेफ्टी पिन लावेल, वरतून कापसाची जाड पट्टी. डॉक्टरनं सांगतलं, दोन दिसानं या. दोन दिसानं पोया आला. बैलं सजवाचे होते, घरात मानूस नाई, मी म्हनलो पोया झाल्यावर जाऊ. पाच दिस झाले. सहाव्या दिसी बाले हुडहुडी भरली, पट्टी सोडली त वास आला. टाके खोला लागले, तीन हप्ते रोज ड्रेसिंग. डॉक्टरचा दोष नाई, त्यानं बरोबर सांगतलं होतं. बा अजून बी काही म्हनत नाई मले, पन मले ते पोयाचे दोन दिस आठवतेत.

सिस्टर_ताई
बावीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी, नळी टाकली कशाला? काखेतल्या गाठी काढताना तिथल्या बारीक लसवाहिन्या कापल्या जातात. त्यातून पाणी पाझरत राहतं. वरची कातडी उचलून परत बसवलेली असते, तिच्या खाली पोकळी असते. तिथं पाणी साचलं तर कातडी खाली चिकटत नाही आणि साचलेल्या पाण्यात जंतू आरामात वाढतात. म्हणजे नळी एका परीनं पू होऊ नये म्हणूनच असते. पण तुमच्याकडच्या बायका बोलतात त्यातही तथ्य आहे. कातडीला भोक आहे तोवर बाहेरच्या जंतूंना आत जायला वाट आहे, आणि नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढत जातो. लवकर काढली तर पाणी साचतं, उशीर केला तर जंतू शिरतात. तीसचा आकडा या दोन्हींच्या मधला आहे. बहुतेक सर्जन चोवीस तासांत तीस एमएलच्या खाली, तेही लागोपाठ दोन दिवस, असं बघतात. तुमचं ६०, ५०, ४५ असं उतरतंय, हे छान आहे.

आता घरचं. डबीला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवा आणि पदराला पुसू नका, हवेत वाळू द्या. नळीवरचा क्लॅम्प, म्हणजे चिमटा, बंद करा. झाकण उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला आणि डबीच्या तोंडाला बोट लागू देऊ नका. सगळ्यात जास्त चूक इथंच होते. कपात ओता, कप सपाट जागी ठेवून डोळा मापाच्या रेषेत आणून वाचा. मग डबी दोन्ही तळव्यांनी पूर्ण दाबा, दाबलेली असतानाच झाकण लावा, मग क्लॅम्प उघडा. डबी हळूहळू फुगली पाहिजे. लगेच फुगली तर कुठून तरी हवा जातेय. डबी कायम जखमेच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीवर नाही. बाजेवर झोपताना नळी अंगाखाली दबली किंवा मुडपली तर पाणी आतच साचतं, रात्री एकदा उठून बघत जा.

नळीभोवतीची कातडी रोज बघा. टाक्याभोवती थोडी लाली असते, ती चालते. पण लाली पसरत गेली, हात लावल्यावर गरम लागलं, ताप १००.४ च्या वर गेला, पाणी गढूळ झालं, वास आला, अचानक लालभडक रक्त आलं किंवा एकाएकी येणंच बंद होऊन काख फुगली, तर वेचणी असो की लग्न असो, त्याच दिवशी निघायचं.

कपाशीचं_बोंड
सिस्टर ताई, खूप आभार. एवढं सगळं सहा दिवसांत कुणी बोललं नव्हतं. मी कप हातात धरूनच माप वाचत होते. आणि बाजेचं लक्षातच आलं नव्हतं, आई उजव्या कुशीवर झोपायची सवयीनं.

औषधवाला
माझं मेडिकल स्टोअर आहे तालुक्याला. अनुभवानं सांगतो, नळी आहे तोपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवा. पाच दिवसांचा कोर्स संपला म्हणून थांबू नका. भोक उघडं असताना औषध बंद करणं धोक्याचं आहे.

टाके_गाठ
औषधवाले भाऊ, इथं स्पष्ट विरोध नोंदवतो. मी तालुक्याच्या ठिकाणी सर्जन आहे आणि शिकत असताना आम्हीही नळी निघेपर्यंत गोळ्या देत होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली ऑपरेशननंतरच्या जंतुसंसर्गाबद्दल जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात हा मुद्दा वेगळा घेतलाय: नळी आहे एवढ्याच कारणासाठी अँटिबायोटिक पुढं चालवू नये. फायदा दिसत नाही. या औषधाची खरी वेळ चिरा देण्याच्या आधीची आहे, आधीच्या दोन तासांच्या आत. म्हणजे चिरा देताना रक्तात औषध हजर असतं.

कारण असं. नळी प्लास्टिकची, तिच्यात रक्त वाहत नाही. जंतू तिच्या अंगावर चिकट थर करून बसतात, ओढ्यातल्या दगडावर शेवाळ बसतं तसा. त्या थराच्या आत गोळीचं औषध नीट पोचत नाही. उलट पंधरा दिवस गोळ्या खाल्ल्यावर अंगावर उरतात ते औषधाला न जुमानणारे जंतू. त्या थरावर इलाज एकच, काम संपलं की नळी काढून टाकणं. प्रत्यक्ष पू झाला, ताप आला तर मात्र अँटिबायोटिक लागतंच, तो वेगळा विषय. आणि ताई, तुमच्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं असेल तर माझं वाचून बंद करू नका, त्यांना फोन करून विचारा.

औषधवाला
डॉक्टरसाहेब, मान्य. पण आमच्या काउंटरवर लोक चिठ्ठी घेऊन येतात, तिच्यावर 'ड्रेन काढेपर्यंत' असंच लिहिलेलं असतं. मी ते बघूनच बोललो.

टाके_गाठ
खरं आहे, अजून लिहिलं जातं. चूक तुमची नाही, आमच्या लोकांची आहे.

रानवाट
माझा अनुभव कडू आहे, तरी लिहितो. धाकट्या भावाचं अपेंडिक्स फुटलं होतं. जिल्ह्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. पोटातून नळी आणि पिशवी. ती पिशवी खाटेखाली फरशीवर पडलेली असायची, झाडूवाली तिला पायानं सरकवून फरशी पुसायची. ड्रेसिंग करणारा मुलगा एकाच जोडी हातमोज्यांत चार खाटा फिरायचा. मी बोललो तर म्हणाला, तुम्ही बाहेर थांबा. आठव्या दिवशी टाक्यातून पू. एक महिन्याच्या वर जखम उघडी राहिली, त्या वर्षीचा सोयाबीन भावाला सोंगता आला नाही. नळीमुळं झालं की हातामुळं, हे मला आजही कळलेलं नाही. पण मला ती फरशीवरची पिशवी दिसते.

टाके_गाठ
रानवाट, वाचून वाईट वाटलं. फुटलेल्या अपेंडिक्समध्ये पू आधीच पोटात पसरलेला असतो, त्यामुळं टाक्यात पू होण्याचा धोका नळीशिवायही मोठाच असतो. पण म्हणून त्या हातमोज्यांना माफी नाही. एक पेशंट झाला की मोजे टाकायचे, हात धुवायचे. याला पैसे लागत नाहीत. तुम्ही टोकलंत ते बरोबर केलंत, पुढंही टोका.

संत्राबाग
माझ्या वहिनीचं पित्ताशय दुर्बिणीनं काढलं, सेवाग्रामला. एकही नळी नाही, तिसऱ्या दिवशी घरी. तेच ऑपरेशन साडूचं दुसरीकडं झालं तर त्याला नळी. मग नळी टाकणं डॉक्टरांच्या मनावर आहे का?

टाके_गाठ
बराचसा सवयीचा भाग आहे, हो. सर्जन लोकांत जुनं वाक्य आहे, शंका आली की नळी टाका. दुर्बिणीनं काढलेलं साधं पित्ताशय, थायरॉइड, अशा ऑपरेशनांत सरसकट नळी टाकून फायदा होत नाही, हे अभ्यासांतून पुढं आलंय. पण साडूंचं पित्ताशय सुजलेलं, चिकटलेलं असेल तर नळी ठेवणं समजण्यासारखं आहे. आत काय दिसलं ते ऑपरेशन करणाऱ्यालाच माहीत.

नळी कोणती हेही बघा. बाप्पूंच्या वडिलांना होती ती उघडी पट्टी: पाणी तिच्या अंगावरून बाहेर कापसात येतं आणि ओल्या कापसातले जंतू त्याच वाटेनं आत जातात. म्हणून ती एक-दोन दिवसांचीच पाहुणी. ताईंच्या आईंची आहे ती बंद, ओढून घेणारी, तिच्यात धोका कमी. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं १९९९ सालीच सांगून ठेवलंय की नळी लागणारच असेल तर बंद आणि ओढणारी घ्या, मुख्य चिऱ्यातून न काढता बाजूला वेगळं भोक पाडून काढा, आणि लवकरात लवकर काढून टाका.

जुना_फळा
मी निवृत्त शिक्षक. या नळीचा इतिहास मोठा आहे. जोसेफ लिस्टर या सर्जनचं नाव आपण शाळेत जंतुनाशक कार्बोलिक ॲसिडसाठी शिकलो, १८६७ चं त्यांचं काम. १८७१ साली त्यांना राणी व्हिक्टोरियाच्या काखेतलं गळू फोडायला बाल्मोरलला बोलावलं होतं. पहिल्या दिवशी कापडाची वात घातली, दुसऱ्या दिवशी बघतात तर पू आतच साचलेला. तेव्हा त्यांनी औषध फवारण्याच्या यंत्राची रबरी नळी कापली, रात्रभर कार्बोलिकमध्ये भिजवून ठेवली आणि जखमेत बसवली. पू निघून गेला. म्हणजे राणीच्याही काखेतच नळी होती, ताई. आईंना सांगा.

कपाशीचं_बोंड
सर, आईला वाचून दाखवलं. म्हणाली, राणीच्या घरी वेचणीची काळजी नसंन. 🙂 रोज सकाळी मी कपात माप घेते तेव्हा आई विचारते, आज डेअरीवर किती गेलं? आज ३८.

तुरीची_शेंग
आईंना नमस्कार सांगा!

थोडं अवांतर. ऑपरेशननंतर भात बंद, वांगं बंद, आंबट बंद, भातानं पू होतो, असं आमच्या सासूबाई मानतात. माझ्या सिझेरियननंतर दीड महिना नुसती भाकरी आणि मुगाचं पाणी. यात काही आहे का?

सिस्टर_ताई
भातानं पू होत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि आपल्याकडं नेमकी तीच बंद करतात: अंडी उष्ण, डाळ वातूळ, दही थंड. मी वॉर्डात पाहिलंय, डब्यात भाकरी आणि चटणी, पेशंट पांढरीफटक. वरण घट्ट द्या, अंडी खात असाल तर रोज दोन द्या, शेंगदाणे, दूध, दही द्या. मधुमेह असेल तर साखर मात्र आटोक्यात हवी. साखर चढली की पांढऱ्या पेशींना जंतूंशी नीट लढता येत नाही.

आणि खर्रा. आपल्या भागात हे बोलायलाच हवं. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांच्या कडेला रक्त कमी पोचतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी गालात खर्रा धरून आलेले पेशंट मी परत पाठवलेत.

वऱ्हाडी_बाप्पू
सिस्टर ताई, बानं त्या टायमाले खर्रा सोडला नोयता. आन एक. ऑपरेशनच्या आदल्या राती न्हाव्याले बोलावून तिथचे केस वस्तऱ्यानं काढले होते, दवाखान्यातच सांगतलं होतं. दोन जागी कापलं बी होतं. ते बरोबर होतं का?

टाके_गाठ
नाही बाप्पू. वस्तऱ्यानं कातडीवर बारीक ओरखडे पडतात, रात्रभरात त्यांच्यात जंतू वाढतात आणि सकाळी आम्ही तिथंच चिरा देतो. केस काढायचे नसतात. काढावेच लागले तर क्लिपरनं कापायचे. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी साबण लावून स्वच्छ अंघोळ, एवढी तयारी पेशंटनं करावी. वडिलांचा सगळा त्रास तुमच्या दोन दिवसांमुळं झाला असं मनात धरून बसू नका.

वऱ्हाडी_बाप्पू
हाओ डॉक्टरसाहेब. बरं वाटलं.

रानपाखरू
सगळे नळी धोक्याची म्हणतात, म्हणून उलटी बाजू लिहिते. माझ्या मामंजींचं आतड्याचं ऑपरेशन झालं, अल्सर फुटला होता. चौथ्या दिवसापर्यंत नळीतून साधं पाणी. पाचव्या दिवशी पहाटे पाच वाजता मी पिशवी बघितली तर हिरवट. मामंजी हसतखेळत बोलत होते, ताप नाही, काही नाही. मी सिस्टरला उठवलं. टाक्यातून आत गळत होतं. दुपारी परत ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, नळी नसती तर आम्हाला दोन दिवस उशिरा कळलं असतं. मामंजी आज शेतावर जातात.

टाके_गाठ
हा नळीचा दुसरा उपयोग, आतली खबर देणं. फक्त एक भर: नळी कोरडी म्हणजे पोट कोरडं असं समजू नये. गुठळीनं बुजलेली नळीही कोरडीच असते. म्हणून पोट फुगणं, नाडी वाढणं, पेशंटचा चेहरा, हे बघणं सुटत नाही. पण पहाटे पाचला पिशवीचा रंग बघणारं माणूस घरात असणं, हे मोठंच आहे.

संत्राबाग
मूळ प्रश्न राहिला. गावातल्या डॉक्टरांकडून काढली तर काय होतं? नळी ओढायचीच तर आहे.

सिस्टर_ताई
ओढायचीच असते, पण आधी ओढ सोडायची, टाका कापायचा, नळी एका दमात सरळ काढायची आणि टोक पूर्ण आलं का ते बघायचं. ते टोक भोकाभोकांचं असतं. क्वचित आत अडकतं, जोर केला की तुटून तुकडा आत राहतो. शिवाय हातमोजे, निर्जंतुक ब्लेड हवं. आणि मुख्य, ४५ एमएलला काढली तर काख फुगेल, मग सुईनं पाणी काढायला परत परत जावं लागेल, आणि दर सुईला जंतूंचा धोका आहेच.

पण दीडशे किलोमीटर जायलाच हवं असंही नाही. नागपूरच्या युनिटला फोन करा, वहीतले आकडे सांगा आणि विचारा की जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या सर्जननं काढलेली चालेल का. बऱ्याचदा हो म्हणतात. पेशंटनं मुकाट्यानं उशीर करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

कपाशीचं_बोंड
(चार दिवसांनी)
३३, २८, २४, २२. फोन केला, वही बघून आकडे सांगितले. मॅडम म्हणाल्या, तुम्ही रोज लिहिलंय का, मग पांढरकवड्याला सर्जनकडं काढून घ्या, मी त्यांच्याशी बोलते. आज सकाळी काढली. सर्जननी टोक माझ्यासमोर धरून दाखवलं, सगळी भोकं मोजल्यासारखी बघितली. आईला खेचल्यासारखं वाटलं, बस. ताप नाही, लाली नाही. उद्यापासून खांदा वर न्यायचा व्यायाम सुरू करायला सांगितलाय.

एकच विचारायचं, संध्याकाळी काखेत थोडं फुगल्यासारखं वाटतंय. मऊ आहे, दुखत नाही.

सिस्टर_ताई
छान झालं! थोडं पाणी साचतं, बहुतेक वेळा शरीर आपणच शोषून घेतं. पेननं कडेनं रेघ मारून ठेवा, रोज बघा. रेघेच्या बाहेर गेलं, ताणलं, लाल किंवा गरम झालं तर दाखवायला जा. स्वतः दाबून काढू नका, शेक देऊ नका. आणि नळी निघाली म्हणून लक्ष सोडू नका, ऑपरेशनपासून महिनाभर जंतूंचा धोका धरतात.

रानवाट
ताई, माझ्या बायकोचं हेच ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. म्हणूनच हा धागा रोज वाचत होतो. डबी अडकवायला तुम्ही काय केलं होतं? भावाच्या वेळची फरशी डोक्यातून जात नाही.

कपाशीचं_बोंड
रानवाट भाऊ, आईच्या जुन्या सुती लुगड्याची पिशवी शिवली होती. सहा इंच रुंद, आठ इंच खोल, वर नाडी, कमरेला बांधायची. जखमेपेक्षा खाली राहते आणि जमिनीला लागत नाही. नळीचा जास्तीचा वेढा पिशवीतच ठेवायचा, म्हणजे दाराच्या कडीत अडकत नाही. दोन शिवा, एक धुवून कडक उन्हात वाळते तोवर दुसरी. माझ्या दोन्ही धुवून ठेवल्यात. नागपूरलाच असाल तर बुधवारी आईला दाखवायला येतोय, येताना घेऊन येते.